धोट्याच्या गोष्टीवरचा जीडी

सात जण बोलून झाले होते आणि आठवी उमेदवार, एक मुलगी, अजून गप्पच होती.

मी घड्याळाकडे पाहिलं. जीडी संपायला थोडाच वेळ उरला होता. जीडी म्हणजे ग्रुप डिस्कशन. आठ-दहा उमेदवारांना टेबलाभोवती बसवायचं, एक विषय द्यायचा आणि आपण कोपऱ्यात बसून कोण कसं बोलतं ते पाहायचं. उमेदवारांना वाटतं की आपल्या मतांना गुण मिळतात. खरं तर कोण किती आवाज करतो, समोरच्याला किती शिताफीने तोडतो आणि तोडताना हसतो का, याला गुण मिळतात. गप्प बसणाऱ्याचं काम तिथेच संपतं. म्हणून मला त्या मुलीची काळजी वाटायला लागली होती. सकाळच्या लेखी परीक्षेत तिचा पेपर अगदी वरच्या दोघा-तिघांत होता.

मी तेव्हा पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत रिक्रूटमेंट, म्हणजे नोकरभरती बघत होते. ऑफिस कोथरूडला, एका शॉपिंग कॉम्प्लेक्सच्या वरच्या दोन मजल्यांवर. खाली साड्यांचं दुकान आणि वर अमेरिकेतल्या बँकांचे हिशेब. मधली मंदी ओसरली होती, नवीन प्रोजेक्ट येत होते आणि आम्हाला घाईने पोरं हवी होती. आमच्याकडे सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत होती. डिलिव्हरी हेड, म्हणजे बऱ्याच प्रोजेक्टांचा प्रमुख, मिलिंद माझ्यापेक्षा वयाने आणि पगाराने बराच मोठा, पण मी त्याला मिलिंद म्हणायचे आणि तो मला मेधा. साहेब, सर, मॅडम सगळं बंद. नव्या लोकांना पहिल्या दिवशी हे अभिमानाने सांगितलं जायचं. आपण सगळे समान, असं त्यातून कळावं अशी कल्पना होती.

जीडीचे विषय आधी मीच काढायचे. क्रिकेट की हॉकी, शहर की खेडं, असले. पण मुलं क्लास लावून उत्तरं पाठ करून यायला लागली. मिलिंद वैतागला. म्हणाला, "मला माणूस दिसला पाहिजे मेधा, क्लासच्या नोट्स नकोत. आपण एक गोष्ट देऊ. गोष्ट कोणाला पाठ करता येत नाही." गोष्ट त्यानेच आणली. जुन्या मराठी लेखकाची, गिरणी कामगारावरची. इंग्रजीत दोन पानी सारांशही त्यानेच करून दिला.

गोष्ट अशी होती. एक कापडगिरणी. नायक सूत काढायच्या खात्यात आहे. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथे त्याच्या जातीच्या माणसाला घेत नाहीत, आणि त्याचं कारण धोटा. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. त्यातलं सूत संपलं की नवी कांडी बसवायची आणि धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावून धाग्याचं टोक ओढून घ्यायचं. एकाच धोट्याला पाळीपाळीने अनेकांची तोंडं लागतात. म्हणून याचं तोंड नको. एकदा एक विणकर आजारी पडतो आणि नडीला मुकादम नायकाला मागावर उभा करतो. लांबून पाहून पाहून शिकलेला हा माणूस दिवसभर कापड विणतो, एक गाठ येत नाही. दुसऱ्या सकाळी खात्यातले सगळे विणकर माग बंद करून हाताची घडी घालून उभे राहतात. शेवटी मुकादम तो धोटा सगळ्यांसमोर फोडतो, माग सुरू होतात आणि नायक एक शब्द न बोलता आपल्या खात्यात परत जातो. तिथे गोष्ट संपते.

मिलिंदचा या गोष्टीवर फार जीव. कॉलेजात असताना त्याने तिची एकांकिका केली होती, नायकाचं काम स्वतः. चेहरा काळवंडून घ्यायला त्याला रोज अर्धा तास मेकअप लागायचा, हे त्याने मला किती वेळा तरी सांगितलं असेल. स्पर्धेत अभिनयाचं बक्षीस मिळालं. तो करंडक केबिनमध्ये कॉम्प्युटरच्या शेजारी असायचा. शेवटचं ते गप्प निघून जाणं सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी थट्टेने सांगत नाही. खरोखर यायचं.

तर प्रश्न होता: नायक शेवटी गप्प का राहतो? त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

सात जणांनी उत्तरं दिली. एक म्हणाला, कम्युनिकेशन गॅप होती. दुसरा म्हणाला, त्याने एस्कलेट करायला हवं होतं, म्हणजे तक्रार वरच्या साहेबांकडे न्यायला हवी होती. एका मुलीने सांगितलं की त्याने विणकरांबरोबर टीम बिल्डिंग करायला हवं होतं, चहाबिहा प्यायला जायला हवं होतं. हे ऐकून माझी पेन्सिल थांबली, पण मिलिंदने काहीतरी चांगलं लिहून घेतलं. टीमवर्क हा शब्द तेवढ्या वेळात सतत येत होता.

मग ती बोलली. नाव वैशाली. आडनाव इथे देत नाही. त्या आठवड्यात ते आमच्याकडे पुरेसं वाचलं गेलं होतं. यवतमाळकडची, तिकडच्याच इंजिनिअरिंग कॉलेजची. सुरुवात इंग्रजीत केली, दोन वाक्यांनंतर अडखळली आणि सरळ मराठीत आली.

"सगळे त्या हिरोबद्दलच बोलून राहिले," ती म्हणाली. "त्यानं काय करायला पाहिजे होतं, त्याचं काय चुकलं. त्यानं तर काहीच केलं नाही ना. सांगितलं तेवढं कापड विणलं. जे काही केलं ते बाकीच्यांनी केलं. एका सकाळी सगळ्यांनी एकदम माग बंद केले, एकही जण फुटला नाही. तुम्ही टीमवर्क टीमवर्क म्हणून राहिले, तर या गोष्टीत सगळ्यात चांगलं टीमवर्क त्यांचंच आहे."

कोणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं. ती पुन्हा म्हणाली, "तो का गप्प आहे, हे काय विचारायचं? ते का गप्प नाही राहिले, हे विचारा ना." मग पाणी प्यायली आणि मागे टेकून बसली.

मी तिला दहापैकी नऊ दिले. दहा कोणालाच द्यायचे नाहीत असा आमच्याकडे दंडक होता. आमच्यातला तिसरा परीक्षक सुजय, टेक्निकल लीड, वयाने लहान, हुशार आणि शांत. त्यानेही आठ दिले. मिलिंदच्या कागदावर मी नजर टाकली तर त्याने आकडा लिहिला नव्हता. नुसतं ॲटिट्यूड लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

दुपारी मुलाखत झाली. टेक्निकल प्रश्न सुजयने विचारले आणि तिने ते सटासट सोडवले. मग मिलिंद पुढे सरकून बसला.

"सकाळी तू जरा इमोशनल झालीस, नाही?"

"नाही सर. तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं."

"सर नको, मिलिंद म्हण."

"हो सर."

मला हसू आलं. मिलिंदला आलं नाही. "म्हणजे, तुझा स्वतःचा असा काही अनुभव आहे का? घरचा, गावचा?"

"वडील जिनिंगमध्ये आहेत. कापसाच्या गाठी उचलतात."

"ते नाही. या गोष्टीतल्यासारखा. मोकळेपणाने सांग. इथे आपण सगळे फ्री आहोत."

तिने फाइल बंद केली. मग म्हणाली, "नोकरीसाठी ते सांगावं लागते का सर?"

"नाही, नाही. सहज," मिलिंद म्हणाला आणि त्याने कागदावर काहीतरी खरडलं. नंतर मी वाचलं. गार्डेड. म्हणजे मन मोकळं न करणारी.

मी तिला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, बाहेरगावच्या लोकांना पहिला महिना कंपनीचं गेस्ट हाऊस मिळते ना? जॉइनिंग लवकर होईल का?"

"का गं, घाई आहे?"

"रूम सोडायची आहे. इथंच, कोथरूडमध्येच राहते पेइंग गेस्ट. मालकीणबाईंकडे पाहुणे येणार आहेत, महिनाअखेर खाली करा म्हणाल्या. दुसरीकडे दोन जागी विचारलं, तिथंही जमलं नाही." मग म्हणाली, "बाबा म्हणतात, नाही जमलं तर परत ये, इथं मास्तरकी बघू. परत गेली तर मग परत पाठवणार नाहीत ते."

मी म्हणाले, होईल. मला तसं खरंच वाटत होतं. लेखी उत्तम, टेक्निकल उत्तम, जीडीत दोघांचे चांगले गुण. माझ्या अनुभवात अशा उमेदवाराला कोणी सोडत नाही.

संध्याकाळी आम्ही तिघं बसलो. याला डीब्रीफ म्हणतात. प्रत्येक उमेदवारावर चर्चा करून एकमत करायचं. वैशालीचं नाव आलं आणि मिलिंदने खुर्ची मागे रेलली.

"टेक्निकली ब्राइट आहे, वादच नाही. पण कल्चरल फिट?"

कल्चरल फिट हा आमच्या धंद्यातला फार सोयीचा शब्द आहे. माणूस आमच्यात मिसळेल का, असा त्याचा अर्थ. आमच्यात म्हणजे कोणात, हे कुठेही लिहिलेलं नसतं, आणि लिहिलेलं नसल्यामुळे ते खोडताही येत नाही.

"फिट न व्हायला काय झालं?" मी विचारलं.

"एमटीआय आहे. क्लायंट कॉलवर कशी बोलेल?" एमटीआय म्हणजे मदर टंग इन्फ्लुअन्स, बोलण्यावरची मातृभाषेची छाप. बंगळूरच्या मुलांच्या बोलण्यावर ती छाप असली तरी त्यांना घेताना कधी अडायचं नाही. यवतमाळची असली की ऐकणाऱ्याला लगेच ऐकू येते.

"तिला कोडिंगला घेतोय, कॉलवर कुठे बसवतोय?"

"आणि ती अँग्री आहे. तू पाहिलंस ना? तिने गोष्टच चुकीची वाचली. मेधा, मी हा रोल जगलोय. त्या माणसाची सगळी डिग्निटी त्याच्या गप्प राहण्यात आहे. हिला ते दिसलंच नाही. हिला फक्त भांडण दिसलं."

"ती कुठे भांडली? आपण प्रश्न विचारला, तिने उत्तर दिलं."

"उद्या टीममध्ये कोणी काही सहज बोललं, तर ही त्याचं काय करेल? सुजय, तुझी टीम आहे. तू सांग."

सुजयने पेनचं टोपण काढलं, परत लावलं. म्हणाला, "टीममध्ये सगळे आपलेच आहेत तसे. म्हणजे एका वेव्हलेंग्थचे. थोडं ऑकवर्ड होऊ शकतं." सकाळी आठ गुण देणारा हाच. तो वाईट मुलगा नव्हता. त्याचं अप्रेझल, म्हणजे पगारवाढ, मिलिंदकडे होतं एवढंच.

मी वाद घालत राहिले. शेवटी मिलिंद म्हणाला, "ओके, तुझ्यासाठी. मी तिच्याशी परत बोलतो, ग्रुपशिवाय. त्याच गोष्टीवर. पण तिला सांग, जरा पॉझिटिव्ह बोल. मला दिसू दे की ती दुसरी बाजूही बघू शकते."

माझ्या मते ही सवलत होती. अशा ठिकाणी काम करताना माणूस एवढ्यातेवढ्याला सवलत म्हणायला शिकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला कॉम्प्लेक्सच्या खालच्या टपरीवर चहाला बोलावलं. जे होतं ते सरळ सांगितलं. त्यांना तुझं बोलणं कडवट वाटलं. परत संधी देताहेत. त्यांना दुसरं काहीतरी ऐकायचंय.

"काय ऐकायचं आहे?"

"की नायकाचा संयम मोठा आहे. की त्याच्या गप्प राहण्यात त्याचं मोठेपण आहे."

तिने कपाच्या काठावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला तसं वाटते?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. तू ठरव. मला नोकरी आहे, तुला नाही. मी तुला काय सांगू?"

 शेजारी दोन पोरं स्कूटरवर बसून पगाराच्या गप्पा मारत होती. मग तिने विचारलं, "इंग्लिशमध्ये बोलायचं ना सगळं?" मी हो म्हणाले. "प्रॅक्टिस करते," ती म्हणाली आणि चहा तसाच ठेवून उठली.

तिने खरंच प्रॅक्टिस केली. संध्याकाळच्या त्या बैठकीला सुजय आणि मी कोपऱ्यात बसलो होतो. एकही वाक्य अडखळलं नाही. नायक संयमी आहे. संघर्षापेक्षा त्याने सामंजस्य निवडलं. आपल्या कामातून तो उत्तर देतो. अशा माणसाकडून टीमला खूप शिकण्यासारखं आहे. तिने मिलिंदला मिलिंद म्हटलं, दोनदा. हसली, ज्या ठिकाणी हसायचं असतं त्याच ठिकाणी. कालपर्यंत जे तिला सुचूही शकलं नसतं ते ती खालमानेने नाही, डोळ्यांत बघून बोलली. मी मनात म्हटलं, झालं. पोरीने ते करून दाखवलं. आता हिचं गेस्ट हाऊस पक्कं.

ती बाहेर गेली. मिलिंदने चष्मा काढून डोळे चोळले.

"डिसअपॉइंटिंग," तो म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "का? हेच तर हवं होतं ना?"

"रटलेलं होतं गं सगळं. एक शब्द मनातून आलेला नव्हता. काल निदान अँग्री होती, पण खरी होती. आज तर फेक. मी पहिल्यापासून काय म्हणतोय? मला माणूस दिसला पाहिजे. मी कसा ट्रस्ट करू?"

त्या क्षणी माझा तोल गेला. मी एरवी मीटिंगमध्ये आवाज चढवत नाही.

"काल खरं बोलली तर ॲटिट्यूड. आज तुला हवं ते बोलली तर फेक. आता तिसऱ्यांदा तिने काय बोलायचं, ते तरी लिहून दे. की तिने काहीही बोललं तरी ती नकोच आहे? तिच्या जागी दुसऱ्या आडनावाची मुलगी असती आणि तिने हेच सगळं केलं असतं, तर तू काल कॉन्फिडन्ट लिहिलं असतंस आणि आज ॲडॅप्टेबल."

 मिलिंदचा चेहरा उतरला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं.

"तू मला जातीयवादी म्हणतेयस?" तो हळू आवाजात म्हणाला. "मला? मेधा, ही गोष्ट या कंपनीत मी आणली. या विषयावर बोलायला इथे कोण तयार होतं? त्या माणसासाठी मी स्टेजवर रडलोय. माझ्या आईला आवडलं नव्हतं मी ते काम केलेलं, तरी मी केलं. आणि तू मला..."

त्याचे डोळे भरून आले होते, ते नाटक नव्हतं. सुजयने धावत जाऊन पाणी आणलं. मग आम्ही दोघं मिलिंदची समजूत घालायला लागलो. तसं म्हणायचं नव्हतं, तुझ्याबद्दल कोणाच्या मनात तसं नाही, तू किती ओपन आहेस हे सगळ्यांना माहीत आहे, असं सुजय बोलत राहिला आणि मी मान हलवत राहिले. बोलता बोलता बैठकीचा विषय मिलिंदचं दुखावलेलं मन हा झाला. ज्या मुलीचं ठरवायला बसलो होतो ती बाहेर सोफ्यावर फाइल मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिचं नाव परत कोणी काढलं नाही. मिलिंदचं पाणी पिऊन झाल्यावर सुजय म्हणाला, "मग हिला होल्डवर ठेवू या." मिलिंदने मान डोलावली.

होल्ड म्हणजे नाही. नाही म्हणणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून तो शब्द शोधला आहे. एकदा होल्ड पडला की सहा महिने त्या उमेदवाराला आमच्याकडे पुन्हा अर्ज करता येत नसे. त्याला कूलिंग पीरियड म्हणत. थंड कोणी व्हायचं असतं, कुणास ठाऊक.

बाहेर जाऊन तिला सांगायचं काम अर्थातच माझं. मी नेहमीची वाक्यं म्हटली. प्रोफाइल चांगलं आहे, सध्या पोझिशन होल्डवर आहे, आम्ही कळवू. तिने ऐकून घेतलं.

"आज पण चुकलं का मॅडम?"

"तुझं काही चुकलं नाही."

"कसं नाही? काहीतरी चुकलं असल ना. ते सांगा, म्हणजे दुसरीकडे करणार नाही."

 इतकी वर्षं मुलांना फीडबॅक देण्यावर मी लेक्चरं दिली आहेत. अमुक सुधारा, तमुक वाढवा. त्या पोरीला सुधारायला सांगावं असं माझ्याकडे काही नव्हतं. तिने फाइल पिशवीत घातली आणि ती जिन्याने उतरून गेली. लिफ्ट चालू होती.

तिचा बायोडेटा मी ओळखीच्या दोन कंपन्यांत पाठवला. दोन्हीकडून एकच विचारणा आली: तुमच्याकडे जागा असताना तुम्ही का घेतलं नाही? या धंद्यात हा प्रश्न सगळे विचारतात. मी खरं लिहिलं की नकाराचं कारण मला पटलेलं नाही. पुढे कोणी काही कळवलं नाही.

आमच्या कंपनीत मात्र लगेच सुधारणा झाली. मी एचआरच्या वरिष्ठांना सगळा प्रकार लेखी कळवला होता. त्यांनी गांभीर्याने दखल घेतली आणि जीडीतून ती गोष्ट काढून टाकली. सेन्सिटिव्ह विषय नकोत, असा मेल सगळ्यांना आला. तिच्या जागी मधमाश्यांवरचा एक उतारा आला. मधमाश्या एकजुटीने पोळं कसं बांधतात यावर मुलं फार सुंदर बोलायची. कोणाचाही ॲटिट्यूड दिसायचा नाही.

सहा महिने झाल्याबरोबर मी तिचं नाव पुन्हा यादीत घातलं. मिलिंदच्या हाताखालची नाही, दुसऱ्या प्रोजेक्टची जागा होती, आणि तिथल्या मॅनेजरशी आधीच बोलून मी ती पक्की करून ठेवली होती. तिच्या बायोडेटावर पेइंग गेस्टच्या घरचा लँडलाइन नंबर होता. फोन एका बाईंनी उचलला. आवाज प्रेमळ, अगदी आपल्याकडच्या कोणाही काकूंसारखा.

"वैशाली आहे का? मी तिच्या नोकरीसंबंधी बोलतेय."

"अहो, ती मुलगी? ती गेली केव्हाच. जागा सोडली तिने."

"हो, तुमच्याकडे पाहुणे येणार होते म्हणे."

"पाहुणे? कसले पाहुणे?" मग त्यांच्या लक्षात आलं. "अच्छा, तसं सांगितलं होतं खरं. आता तोंडावर काय सांगायचं ना? आम्हाला आधी कल्पना नव्हती हो. आडनावावरून पटकन कळत नाही तिकडच्या लोकांचं. माझ्याकडे सोवळंओवळं फारसं नाही, पण स्वयंपाकघर एकच, पाण्याचा पिंप एकच. बाकीच्या मुली कुरकुरायला लागल्या. सगळ्या म्हणाल्या, ती राहणार असेल तर आम्ही जातो. मग मी तरी काय करणार? मुलगी चांगली होती, त्याबद्दल काही म्हणणं नाही. स्वच्छ होती."

मी गावचा काही पत्ता, फोन आहे का विचारलं. नव्हता. तिच्या कॉलेजला फोन केला, तिथल्या क्लार्कने नंबर शोधून दिला तो कोणा शेजाऱ्यांचा निघाला. निरोप ठेवला. दुसऱ्यांदा ठेवला. तिसऱ्यांदा शेजारीण म्हणाली, "ते पोट्टी आता नाही म्हणते हो बाई, पुण्याले नाही याचं म्हणते. तुम्ही नका करू फोन." मी ठेवून दिला. जी नोकरी मी अखेर मिळवली होती ती नको म्हणायला ती मोकळी होती. तेवढं एकच तिला आमच्याकडून मिळालं.

त्याच महिन्यात आमचा ॲन्युअल डे झाला. गोष्ट जीडीतून काढल्याचं मिलिंदच्या मनाला लागलं होतं, म्हणून त्याने ती एकांकिका पुन्हा बसवली. सगळी पात्रं कंपनीतलीच. सुजय विणकर झाला होता. मिलिंद नायक, अर्धा तास मेकअप करून. कामं खरंच चांगली झाली. विणकरांनी एकदम माग थांबवून हाताची घडी घातली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मुकादमाने धोटा फोडला. मिलिंद एक शब्द न बोलता, पाठमोरा, सावकाश चालत विंगेत गेला. माझ्या शेजारच्या मुली रडत होत्या.

तालमीत त्यांनी ते माग थांबवणं अनेकदा घोटलं होतं, असं सुजय मला नंतर म्हणाला. एकाचाही हात मागेपुढे होऊ नये म्हणून. मला तालमीची गरज कळली नाही. प्रेक्षकांची तर काहीच तालीम झाली नव्हती, तरी पडदा पडल्यावर सगळं सभागृह टाळ्या वाजवत एकदम उभं राहिलं, आणि मीही त्यात होते. टीमवर्क आमचंही चांगलं होतं.